दुसरी खुर्ची

नर्स मंजुश्रीनं चंपाबाईच्या दंडाला रबरी पट्टी आवळली, तसा तिचा नवरा कलगोंडा खुर्ची ओढत पुढं सरकला.

"थांब बाई. आमची दोघांची पर्युषणातली एकाशनं हायत. धा दिस, दिसातनं एकदाच जेवन. आज शेवटचा. हिचं रगत काढून हिच्याच गुडघ्यात घातलं, तर हिचं एकाशन मोडतंय का न्हाय?"

"अहो, तोंडातनं कुठं जातंय?" चंपाबाई म्हणाली.

"फिरून पोटात गेलं म्हंजे?"

याच प्रश्नावर गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दोन तट पडले होते. कारण उद्या मिरवणूक. ज्यांची दहाच्या दहा एकाशनं टिकली, त्यांनाच सजवलेल्या ट्रॉलीत खुर्ची. बाकीच्यांनी पायी यायचं. चंपाबाईला पायी चालणं म्हणजे शिक्षाच. पण गुडघ्याचा डॉक्टर निपाणीच्या या दवाखान्यात आठवड्यातनं एकदाच यायचा, त्यामुळं सुईही आजच. कलगोंडानं तर गुलाबी फेटासुद्धा आणून ठेवला होता.

मंजुश्रीनं रक्ताची नळी यंत्रात घालून गरगर फिरवली आणि बाहेर काढली. लाल तळाला, पिवळसर पाणी वर.

"बघा आप्पा, वरचं तेवढं गुडघ्यात जानार."

कलगोंडानं बघितलं, आणि तो तंबाखूच्या पोत्यासारखा आडवा झाला.

डॉक्टरनं चंपाबाईच्या गुडघ्यात सुई दिली तेव्हा तिचं सगळं लक्ष बाजूच्या बाकाकडं. तिथं कलगोंडानं डोळे किलकिले केले होते, मंजुश्रीनं हातात दिलेला साखरपाण्याचा पेला घटाघटा संपवला होता आणि आता तो बिस्किट मागत होता.

परतीच्या रिक्षात गाव दिसायला लागलं, तसा कलगोंडा तिच्याकडं सरकला.

"साखरपानी औषधातच धरायचं की गं?"

"धरा."

"आनि बिस्किट?"

चंपाबाई बाहेरचा ऊस बघत राहिली.

बस्तीच्या दारात हिशेब ठेवणारा गोमटेश खडू घेऊन एकाशनवाल्यांच्या नावांच्या फळ्यापाशी उभाच. "आक्का, तुमचं मोडलं का टिकलं?"

"हिचं टिकलं," कलगोंडा म्हणाला. मग त्यानं धोतराचा सोगा धरला आणि फळ्यावरचं स्वतःचं नाव पुसलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत चंपाबाई ऐटीत बसली. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिचा पाय लांब केलेला, गुडघ्याखाली गुलाबी फेट्याची गुंडाळी. कलगोंडा उघड्या डोक्यानं ट्रॅक्टरपुढं चालत होता आणि दर खड्ड्याला मागं वळून ड्रायव्हरला दटावत होता,

"हळू रं. मागं गुडघा हाय."