बाकी तुम्ही बघून घ्या

माझी जीभच नडली. लवूकाकांकडे फ्लायव्हील सोपवताना मी म्हणालो, "फक्त फेस मारा काका. बाकी तुम्ही बघून घ्या." निघता निघता आपण असं काहीतरी बोलतो, मनात काही नसतं. पण काका गिरणीच्या वर्कशॉपमधले जुने टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. त्यांच्या लेखी "बघून घ्या" म्हणजे काम विश्वासाने अंगावर टाकलं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझं गॅरेज आहे. लेथवर उभं राहायला मला काकांनीच शिकवलं, भांडुपच्या त्यांच्या दुकानात. महिनाअखेर ते दुकान बंद होणार होतं. त्यांचे हात आता थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. त्यांचा मुलगा राजेश मला म्हणाला, "सिद्धेश, बाबांना शेवटचं एखादं काम दे ना यार. नुसते बसून असतात." म्हणून मी माझ्या स्वतःच्या गाडीचं फ्लायव्हील दिलं, इंजिनाच्या मागे फिरणारं जड चाक.

ही गाडी जुनी, रोटरी इंजिनाची. मनोरीच्या एका बंगल्यात तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या, तिथून मी ती उचलली. या इंजिनात पिस्टन नसतात, तिकोनी रोटर फिरतात. त्यांचं वजन तोलायला फ्लायव्हील मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेलं असतं. वर्ष बदललं की रोटरचं वजन बदलतं आणि चाकही बदलतं, म्हणून माझ्या इंजिनाच्या वर्षाचं चाक शोधण्यात आठ महिने गेले. नव्या क्लचप्लेटला ते जेमतेम बसत होतं. फक्त वरचा पृष्ठभाग घासून सपाट करायचा होता, त्यालाच फेस मारणं म्हणतात.

शनिवारी दुपारी काका स्वतः चाक घेऊन आले, राजेशबरोबर रिक्षाने. पिशवीत जुनी चादर, चादरीत चाक. फेस असा मारला होता की मला माझं नाक त्यात दिसलं. मग मी चाक उलटं केलं. जाड बाजूला नवीकोरी भोकं होती, ओळीने अकरा.

"चाक तुझा एका बाजून जड होता रे," काका म्हणाले. "कोणी केल्यान काय म्हायत! दोन दिवस लागले, पण बरोबर केलंय. आता फिरवून खंयही थांबव, सरकाचा नाय."

साध्या गाडीचं चाक असतं तर या कामाला मी नमस्कार केला असता. इथे मात्र त्यांनी नेमकी तीच बाजू हलकी केली होती, जिच्यासाठी मी आठ महिने वणवण केली. मला स्वतःचाच संताप आला. "याला हात लावू नका" एवढे चार शब्द बोलायला मला काय झालं होतं?

"झकास झालंय," मी म्हणालो.

"मगे लाव. आवाज ऐकूनच जातंय."

मी राजेशकडे पाहिलं. तो खुशीत हसत होता. आज जमणार नाही, पार्ट यायचाय, असं मी दोनदा सुचवून पाहिलं. काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. ज्यांच्या घरी मी चार वर्षं जेवलोय, त्या माणसाला मी काय सांगणार होतो?

मग लावलं. हे चाक मध्ये एकाच मोठ्या नटवर बसतं. तो आवळताना मला माहीत होतं की उद्या तो पुन्हा काढायचाय. क्लच बसवला, गिअरबॉक्स चढवला. तीन तास काका एकटक बघत होते. मध्येच म्हणाले, "पानो नीट धर," जसे वीस वर्षांपूर्वी म्हणायचे.

किल्ली फिरवली तेव्हा वाटलं, पेटूच नये. पण ती पेटली. अख्खी गाडी हलायला लागली, बॉनेटवर ठेवलेला स्क्रूड्रायव्हर सरकत सरकत खाली पडला. राजेशला यातलं काही कळत नव्हतं, त्याने टाळ्या वाजवल्या. आणखी थोडी चालली असती तर बेअरिंग गेलं असतं. माझं बोट किल्लीवरच होतं.

काका उठले. त्यांनी तळहात बॉनेटवर टेकवला. एक क्षण तसेच उभे राहिले, मग हात उचलून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा टेकवला.

"सिद्धेशा, हात माझो थरथरता, काय गाडी?"

मी इंजिन बंद केलं. बंद गाडीवरही त्यांचा हात थरथरतच होता.

"हात, काका," मी म्हणालो.

त्यांनी हात खिशात घातला.

"मगे बराच झाला," ते म्हणाले, "दुकान बंद करतंय ता."