लपवायला शिकवणारं पुस्तक

निळं पुस्तक सांगत होतं: ओळखीचं माणूस कथेत घ्यायचं, तर आधी त्याचं नाव बदला.

बदललं होतं.

गाव बदला, धंदा बदला.

तेही केलं होतं. हर्षलाच्या कथेत तिचे मोठे दीर साईनाथदादा रेतीवाले झाले होते. खालापूरजवळचं गाव पार अलिबागकडे गेलं होतं. दादांची विधवा आत्या हिरू कथेत मावशी झाली होती. फक्त घडलेलं तेच होतं. पेन्शनचा कागद आहे असं सांगून भाच्याने म्हातारीला कचेरीत नेलं, अंगठा घेतला, आणि तिचं शेत फार्महाऊसवाल्याला गेलं. म्हातारीला अजून पत्ता नाही. हर्षलाने हे दाराआडून ऐकलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दादांना कळलं असतं, तर त्या घरात तिला थारा नव्हता.

कथा मात्र लिहून झाली होती, आणि कर्जतच्या संपादक नम्रताने ती दिवाळी अंकाला घेतलीही होती. माणसं फार खरी वाटतात, काही बदलायचं तर आज दुपारपर्यंत कळव, एवढंच तिने सांगितलं होतं. म्हणून हर्षला खालापूरच्या या पुस्तक प्रदर्शनात उभी होती. कथा कशी लिहावी, या टेबलापाशी. कशी लपवावी, ते शोधत.

जाडं पुस्तक. भाषांतर. मधलंच पान उघडलं: ज्याची भीती वाटते तेच लिहा.

चटका बसल्यासारखं तिने ते मिटलं.

पिवळं पुस्तक. त्यात जागांच्या नावांवर एक प्रकरण होतं. घरं, विहिरी, शेतं.

शेतं.

त्यांच्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं, घरातल्या माणसासारखं. लावणीत कुणी तिथेच बाळंत झाली, म्हणून आत्याचं खाचर 'बाळंतीण'. माणसांची नावं बदलताना हे बदलायचं हर्षलाला सुचलंच नाही. ते तिला नाव वाटतच नव्हतं. ते शेत होतं. आणि पंचक्रोशीत बाळंतीण एकच.

तिने नम्रताला मेसेज टाकला: शेताचं नाव बदलायचंय, थांब.

"हर्षला, तू हितं काय करतंस गं?"

साईनाथदादा. कचेरीत काम होतं, गर्दी दिसली म्हणून आत आलो, म्हणाले. तिच्या हातातलं पिवळं पुस्तक घेऊन त्यांनी चाळलं. गोष्टी लिहायला पण पुस्तक लागतं काय, असं म्हणून हसले. तेवढ्यात फोन वाजला.

नम्रता घाईत होती. पानं छपाईला निघालीत, नवं नाव लगेच सांग.

दादा हातभर अंतरावर. हर्षलाने नाव शोधलं. वडाचं, कोंडाचं, सतीचं. जे आठवेल ते कुणाचं तरी होतं, आणि कुठलंही मोठ्याने म्हटलं तरी दादांनी मान वर केली असती. शेताचं नाव कशाला गं, असं विचारलं असतं.

"राहू दे," ती म्हणाली. "आहे तेच राहू दे."

फोन बंद झाला. मग तिला कळलं आपण काय केलं ते.

"काय राहू दे?"

"कथा आहे माझी. दिवाळी अंकात येतेय."

दादांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, घरात कुणी छापून येतंय याचं त्यांना कौतुक वाटलं. ते तिला आणखी सोसेना.

"मंग पयली आत्याला वाचून दाखव," ते म्हणाले. "तिला गोष्टींचा नाद हाय. आमी पन बसू ऐकायला समदी. ओटीवर."

ते गेले. टेबलामागच्या माणसाने विचारलं, यातलं कुठलं देऊ?

तिन्ही पुस्तकं तिने बाजूला सारली. कडेला कथाकथनावरचं एक पातळ पुस्तक होतं. ते उचलून ती अनुक्रमणिकेवरून बोट फिरवू लागली. आवाज कापायला लागला तर काय करावं, हे त्यात कुठे आहे का, ते बघत.