मुखवट्याचं माप

आमच्या देवीचा चांदीचा मुखवटा डावीकडं घसरायला लागला, तिथून हे सगळं सुरू झालं.

देवी मूळची दगडाची. काळ्या, गुळगुळीत दगडाची, कमरेएवढी उंच. पण गावात तो दगड कुणी पाहिलेला नव्हता. लोकांना दिसायचा तो मुखवटा, साडी आणि नथ. दगडाला रोज पहाटे तेल घालायचं, आणि ते घरच्या सुनेनंच. तेवढा वेळ गाभाऱ्यापुढं पडदा. सासूबाईंनी मला हाताला धरून आत नेलं तेव्हा एवढंच सांगितलं, "तिला अंगभर तूच बघायचं. अन् बघितलेलं बोलायचं न्हाई." तेव्हापासून देवीला तेल घातल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही.

आमचे हे, विष्णुपंत, देवीचे पुजारी. पण त्यांचीही पूजा मुखवट्यापासूनच सुरू. पडद्याबाहेर उभं राहून ते रोज विचारतात, "झालं का?" मी साडी नेसवून मुखवटा बसवते, "या" म्हणते, मग ते पडदा सारतात. केस पांढरे झाले तरी यात कधी बदल झाला नाही. कधी थट्टा करायचे, "देवी माझ्या घरची, अन् ओळख मात्र तुझी!" मी हसायचे.

तर मुखवट्याची मागची आकडी झिजली. हिंगोलीचा सोनार म्हणाला, नवा करून देतो, माप द्या. तो पुरुषमाणूस, त्याला आत कसं न्यायचं? मीच दोऱ्यानं माप घेतलं. पण नाकाचा उंचवटा, गालाचा उतार दोऱ्यात थोडाच येतो! त्यानं केलेला मुखवटा बसेचना.

त्याच सुमाराला श्रेयस सुटीवर आला. हा ह्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. आई लवकर गेली, म्हणून माझ्याच हाताखाली वाढला. आता पुण्यात संगणकाचं काहीतरी काम करतो. माझी अडचण ऐकून म्हणाला, "काकू, त्यात काय! फोटो काढू."

"देवीचे? शुद्धीवर आहेस ना?"

"मी न्हाई, तू काढायचे. मी पडद्याबाहेर बसतो."

"अन् मग ते बघणार कोण?"

"कुणीच न्हाई. कॉम्प्युटर बघतो. तो बी काय बघतो, तर ठिपके. या फोटोतला ठिपका त्या फोटोत किती सरकला, तेवढंच. त्यावरून तो आकार मांडतो. सोनाराला आकार जाईल, चेहरा न्हाई."

आकार आणि चेहरा यात फरक काय, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही.

त्यानं मला आधी स्वयंपाकघरातल्या पितळी घागरीवर शिकवलं. "एक डोळा मिटून सुईत दोरा ओव बरं," म्हणाला. दोरा सुईच्या शेजारून गेला. "बघ! एका डोळ्याला जवळ-लांब कळत न्हाई. कॅमेऱ्याला तर एकच डोळा. म्हणून आपण जागा बदलत बदलत दाखवायचं. अन् दर फोटोत आधीच्या फोटोतलं अर्धं यायला पाहिजे, न्हाईतर त्याला धागा सापडत न्हाई."

घागर मात्र संगणकात फाटकी-तुटकी आली. जिथं चकाकी होती तिथं भोकं. श्रेयसनं डोकं खाजवलं. "तू हललीस की चकाकी हलते, अन् त्याला वाटतं वस्तूच हलली. काकू, देवीला तेल असतं ना?"

"असतं म्हणजे? रोजचं आहे."

"त्या दिवशी चालायचं न्हाई. कोरडी लागेल. वरून तांदळाचं पीठ लाव पातळ. अन् दगड एकसारखा काळा आहे, त्याला खुणा पाहिजेत. कुंकवाचे ठिपके दे अंगभर. अन् तिच्या हाताला काही बांधलेलं असलं तर सोडून ठेव."

"दोरा आहे व्रताचा. नवरात्रात घट बसताना मी तिला बांधते, तो पुढच्या घटालाच सुटतो. त्याला मी हात लावणार न्हाई."

"बरं, राहू दे. त्यानं काय होतंय!"

ती पहाट मला आठवते. कोरड्या फडक्यानं देवीचं अंग पुसलं. इतकी कोरडी मी तिला कधी पाहिली नव्हती. कापसानं पीठ लावलं, करंगळीनं कुंकवाचे ठिपके दिले. मनात म्हटलं, आई, आजच्यापुरती सोस, तुझ्याच दागिन्यासाठी आहे. मग समई न हलवता, श्वास धरून, सरकत सरकत फोटो काढत गेले. समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून. पाठ तेवढी राहिली. देवी भिंतीला लागून आहे, मागं जेमतेम हात जातो, फोन जाईना.

"मागचं राहू दे," श्रेयस बाहेरून म्हणाला. "जे दिसत न्हाई ते कॉम्प्युटर अंदाजानं भरतो."

हेही त्याच्याशेजारी उभे होते. दोघांनी एकदमच विचारलं, "झालं का?" मला हसू आलं. पीठ पुसून, तेल घालून मी पाणी प्याले तेव्हा ऊन वर आलं होतं.

नवा मुखवटा असा बसला, की जणू देवीच्याच अंगाला फुटला. त्या दिवशी मी मीठ-मोहऱ्या घेऊन श्रेयसची दृष्ट काढली.

पुढं श्रावणात शेजारच्या मालनबाईबरोबर हिंगोलीला गेले होते. वाती, कापूर, देवीची ओटी घ्यायची होती. परतीच्या जीपला वेळ होता. मालनबाई म्हणाली, "काकू, रस्त्याला त्या गोपीचंद शेटनं प्लॉट पाडलेत ना, तिथं नवं देऊळ झालंय. जाऊन येऊ की. लई पब्लिक येऊन राहिली."

देऊळ संगमरवरी, दिव्यांनी लख्ख. दारातच माणसं फोन वर धरून उभी. त्यांच्या खांद्यांमधून मला आतलं दिसलं.

आता सांगायला हरकत नाही, सगळ्यांनी पाहिलंच आहे. आमच्या देवीचे डोळे मिटलेले आहेत. मुखवट्याचे डोळे टपोरे, उघडे, पण आतली देवी डोळे मिटून बसलेली, ओठ किंचित दुमडलेले. तीच समोर बसली होती. साडी नाही, मुखवटा नाही, गळ्यात एक हार. पांढऱ्या उजेडात पुरुष, पोरं, सगळे तिच्याकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते.

मी मनाला म्हटलं, सारखी असेल एखादी. तेवढ्यात मालनबाईनं कोपर मारलं.

"बघा की काकू, डाव्या हातातलं कडं! दगडातच हाय म्हणतेत. अन् त्याला गाठ बी हाय. गुरुजी सांगून राहिले, असं कुठंच न्हाई."

ती गाठ माझी होती. तीन पदर घेऊन, एक टोक आखूड ठेवून मी बांधते तशी. कॅमेऱ्याला दोरा आणि दगड वेगळे कळले नव्हते, यंत्रानं दोन्ही एकत्र कोरले होते. प्रदक्षिणेला मागं गेले, तर पाठ धुण्याच्या दगडासारखी सपाट. खऱ्या देवीच्या पाठीवर वेणी आहे. ती मीही डोळ्यांनी कधी पाहिली नाही, फक्त बोटांना माहीत आहे.

"रडून राहिल्या काय हो?" मालनबाईनं विचारलं.

"धूप गेला डोळ्यात."

बाहेर येऊन मी श्रेयसला फोन लावला. तो आधी गडबडला, मग समजावायला लागला. "काकू, तुझी देवी जागेवरच आहे ना? मी काय उचलून नेली का? हा नुसता आकार आहे."

"कुणी बघणार न्हाई म्हणाला होतास."

"सोनाराचं काम झालंच ना. शेटनं बी विचारलं होतं..." तो थांबला. "अन् मी काकांना विचारूनच दिलं. त्यांना समदं ठाऊक होतं."

जीपमध्ये मालनबाई गावभरचं बोलत होती. मी फक्त "व्हय, व्हय" म्हणत होते.

घरी आले तेव्हा हे ओट्यावर दुसऱ्या दिवसाच्या आरतीसाठी फुलवाती वळत बसले होते. मी पिशवी खाली ठेवली.

"नव्या देवळात जाऊन आले."

त्यांची बोटं थांबली. वर मात्र पाहिलं नाही.

"श्रेयसनं तुमाला विचारलं होतं?"

"व्हय."

"कधी?"

"तू फोटो काढायच्या आधी."

म्हणजे पीठ लावताना, ठिपके देताना, माझ्या हातून ते काम होत होतं, आणि पडद्याबाहेरच्या दोघांना ते कशासाठी आहे हे माहीत होतं. आणि त्यांनीच विचारलं होतं, झालं का.

"काहून केलं असं?" माझा आवाज चढला नाही. मला चढवता येत नाही.

त्यांनी हातातली वात खाली ठेवली. "मला बघायची होती," म्हणाले. "जन्मभर बाहेर उभा राहिलो, अनुसूया. श्रेयस म्हणाला, काका, तुमी हो म्हणा, मी दाखवतो. लॅपटॉपवर दाखवली त्यानं. बोटानं फिरवली की फिरायची."

"मग? भरलं मन?"

"तिचे डोळे मिटलेले आहेत," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांत तू मला एवढंबी सांगितलं न्हाईस."

"मला सांगायचं नव्हतं. मी शब्द दिला होता."

ते पुन्हा वात वळायला लागले. वात वळली जाईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रोजच्यासारखी आत गेले. पडदा ओढला. देवीला तेल घातलं. हात पाठीमागं नेऊन वेणीवरून बोटं फिरवली आणि बराच वेळ तशीच राहिले. साडी नेसवली. नवा मुखवटा उचलला आणि परत पेटीत ठेवला. जुना काढून बसवला. तो डावीकडं घसरला, तसाच राहू दिला.

"झालं का?" बाहेरून आवाज आला.

मी तेलाची वाटी घेतली आणि बाजूच्या लहान दारानं अंगणात आले. पाणी प्याले. आत पडदा हलला नाही. पडदा सारायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि त्यामागं न पाहिलेलंही त्यांच्यासाठी काही उरलं नव्हतं. तरी ते बाहेरच उभे होते.

"अनुसूया, झालं का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी तुळशीला पाणी घालत राहिले.