बाबांच्या कानापर्यंतचा ड्रायव्हर

माझ्या सासऱ्यांना नवी श्रवणयंत्रं घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, "ब्लूटूथवर कॉम्प्युटरला जोडा, समोरच्याचं बोलणं थेट कानात." बाबांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. त्यांची लेक दूर देशी असते. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. ती पाच मिनिटं बोलते आणि मी बाबांच्या कानाशी ओरडून सांगते, "बरी आहे म्हणतेय!"

"एकदा मला तिचंच ऐकू दे गं," बाबा म्हणाले. "तुझ्या तोंडून सगळे तुझ्यासारखेच बोलतात."

आमच्या जुन्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नव्हतं. आमच्या ह्यांनी नखाएवढा अडॅप्टर आणून मागे खोचला. पडद्यावर पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह उमटलं. ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, नाही.

"साधी गोष्ट आहे," हे म्हणाले. हे वाक्य ऐकलं की मी ह्यांचं ताट झाकून ठेवते.

खोक्यावर छापलंय तेच खरं, अशी ह्यांची श्रद्धा. त्या नावाने शोधून उतरवलेला पहिला ड्रायव्हर प्रिंटरचा निघाला. मग 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' असं काहीतरी सापडलं. त्याने ड्रायव्हर सोडून सगळं दिलं: हवामान, पत्त्यांचा डाव आणि वजन कमी करा म्हणून सारखी डोकावणारी एक बाई. "तुझ्यासाठीच आलीय," हे म्हणाले. त्या दिवशीचा चहा त्यांनी स्वतःच्या हाताने करून घेतला. दुसऱ्या कुणाला विचारायचं तर ह्यांचं नाक कापलं जातं, त्यामुळे दोन रविवार असेच गेले आणि यंत्रं डबीतच राहिली.

शेवटी हात टेकल्यावर त्यांनी अडॅप्टरची माहिती उघडून नीट वाचली. खोक्यावर नाव एका कंपनीचं, आतली चिप भलत्याच कंपनीची! चिपचा क्रमांक टाकल्याबरोबर ड्रायव्हर मिळाला, त्रिकोण गेला आणि यंत्रं जोडली जाऊन बाबांच्या कानात बसली. जणू चिप ह्यांनीच घडवली, अशा थाटात हे खुर्चीत रेलले.

तेवढ्यात नणंदेचा कॉल आला. बाबांना आम्ही मधोमध बसवतो, ते हात हलवतात आणि आमचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून चालतं. ऐकूच येत नाही त्याच्यासमोर कुजबुजायचं कशाला? गेल्या रविवारी बोलण्याची गाडी बाबांसाठी वृद्धाश्रम बघण्यापर्यंत आली होती. "मी चौकशी करून ठेवते," ताई म्हणाल्या होत्या. ड्रायव्हर सापडल्याच्या आनंदात त्यांना बाबांच्या यंत्राचं सांगायचं राहूनच गेलं.

पडद्यावर ताईंचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"गेला वाटतं ड्रायव्हर!" हे वायरी हलवू लागले.

ड्रायव्हर कुठेही गेला नव्हता. आवाज आता स्पीकरमधून नाही, फक्त बाबांच्या कानात जात होता. ताई बोटांवर मोजत एकेक मुद्दा समजावत होत्या. बाबांना कळू नये म्हणून मी हातांनीच "थांबा, थांबा" करत राहिले, त्यांना वाटलं मी बाबांसारखीच नमस्कार-चमत्कार करतेय.

बाबा पुढे झुकून ऐकत होते. एकदाही त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. ताईंचं संपल्यावर ते पडद्याकडे बघून म्हणाले, "किती स्पष्ट येतो गं तुझा आवाज! त्या आश्रमात कॉम्प्युटर असतो का, तेवढं विचारून ठेव."