शिडी धरायला कोणी आहे का?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. शिडी म्हटली की ती भिंतीला टेकून ताठ उभी असणार, असे तुम्हाला वाटेल. मी मात्र बहुतेक वेळ आडवी असते. एका घराच्या बोळात, दोन खुंट्यांवर. त्या घरातल्या काकू माझ्या पायरीला ओली छत्री अडकवतात. ती सुकेपर्यंत मला तेवढीच सोबत.

मला बनवले काकांनी. ते एका कारखान्यात वायरमन होते. त्यांनी माझे दांडे रंधा मारून गुळगुळीत केले आणि पायांना जुन्या टायरचे रबर ठोकले. माझ्या वरच्या टोकांनी लोकांच्या भिंती खरवडू नयेत म्हणून त्यांवर लेकीचे लहान झालेले लोकरी मोजे चढवले. एक लाल, एक पट्ट्यापट्ट्यांचा. त्यांचे जोडीदार कधीच हरवले होते. गल्लीत हशा पिकला.

"काय हो, शिडीला सर्दी झाली वाटतं?"

"झाली नाही, होऊ नये म्हणून!" असे म्हणत काका मला खांद्यावर टाकून निघत.

सुट्टी आली की आम्ही दोघे फिरतीवर. शाळेचे पंखे, वाचनालयाचे दिवे, एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरचे बल्ब. मोबदला म्हणून कपभर चहा. जेवायचा आग्रह झाला तर मात्र काका हात जोडत. "लेक ताटावर खोळंबली असेल," म्हणत. रात्रीचे जेवण तिघांनी एकत्रच घ्यायचे, हा त्यांच्या घरचा नेम होता.

काकांची एक खोड होती. ते मला वरच्या बाजूला खिडकीच्या गजाला दोरीने पक्के बांधत. मग मी तसूभरही हलत नसे. तरीसुद्धा ते हाक मारत, "शिडी धरायला कोणी आहे का?"

गल्लीच्या टोकाला एक शिंपीकाका राहत. बायको गेल्यापासून त्यांनी शिवणयंत्र झाकून ठेवले होते आणि दारही लावून घेतले होते. काकांनी नेमके तेच दार वाजवले.

"मला काय जमतंय? हात थरथरतात माझे," शिंपीकाका कुरकुरले.

"थरथरू देत की. पडलो तर तुमच्याच अंगावर पडेन, तेवढं बघा म्हणजे झालं."

शिंपीकाका हसले. हसायची सवय मोडली असावी, कारण ते हसू मध्येच खोकल्यासारखे झाले. पुढच्या सुट्टीला ते दारात चपला घालून उभे होते.

"अहो, बांधलेली शिडी त्या बिचाऱ्यांना कशाला धरायला लावता?" काकूंनी एकदा विचारले.

"शिडीला नको असतं गं," काका म्हणाले. "त्यांना हवं असतं."

पुढे काका आजारी पडले आणि त्या दुखण्यातून उठलेच नाहीत. माणसे आली, रडली, आपापल्या कामाला लागली. लेकीची नोकरी लांबच्या गावी. ती गेली आणि घरात काकू आणि मी, दोघीच उरलो.

मग एके दिवशी बोळातला बल्ब गेला. अगदी माझ्या डोक्यावरचा.

"आई, कुणाला तरी बोलाव ना," लेक फोनवर म्हणाली.

"दोन पावलांचा तर बोळ. उगाच कुणाला त्रास कशाला?"

काकू भिंत चाचपडत ये-जा करू लागल्या. हळूहळू त्यांनी बाहेर जाणेच कमी केले. जाता-येता त्यांचा हात माझ्या दांड्याला लागे, क्षणभर थांबे आणि पुढे जाई. शिडीला स्वतःहून उभे राहता येत नाही, मित्रांनो. तेव्हा मला त्याचे फार वाईट वाटले.

एका दुपारी दार वाजले. शिंपीकाका होते.

"वहिनी, शिडी आहे ना? वाचनालयातला दिवा गेलाय."

"आहे की. घेऊन जा."

"नेली असती हो. पण धरायला कोणी नाही."

काकू हळूच म्हणाल्या, "बांधली की हलत नाही ती."

"ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," शिंपीकाका म्हणाले. "दोऱ्याच्या गाठी मारण्यात जन्म गेला माझा. पक्की गाठ ओळखता येत नाही होय मला?"

काकूंनी डोळे पुसले आणि मला खुंट्यांवरून उतरवले. "चढायला निघालेत! आधी स्वतःचे गुडघे बघा. तुम्ही धरा, मी चढते."

पहिला बल्ब बोळातला लागला. मग आम्ही तिघे वाचनालयाकडे निघालो.

आता अधूनमधून मला हाक येते. माझा लाल मोजा विरला होता, तो शिंपीकाकांनी निळ्या दोऱ्याने रफू केला आहे. उरलेले दिवस मी खुंट्यांवर असते आणि एका खांद्याची आठवण काढते.

मित्रांनो, तुमच्या शेजारी एखाद्या घरात बरेच दिवस दिवा दिसला नाही, तर नुसता बल्ब घेऊन जाऊ नका. त्यांच्याकडे शिडी मागायला जा. आणि ती त्यांनाच धरायला सांगा.