विकतचे डाग

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, सगळं जुनं हवं असतं, फक्त स्वतःहून जुनं झालेलं चालत नाही. काचेसारखं लख्ख टिपणारा नवाकोरा कॅमेरा घेतला, चित्रण उरकलं आणि आले माझ्या दारात. "वहिनी, हे व्हिडिओसारखं दिसतंय हो. फिल्मसारखं करून द्या."

अहो, व्हिडिओ काढलात तर व्हिडिओच दिसणार! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण बोलायची सोय नाही, कारण घरात कलावंत ते एकटेच. मी आपली अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या सिनेमांचे रंग जुळवणारी, म्हणजे त्यांच्या लेखी इस्त्रीवाली.

चित्रण सासूबाईंचं होतं, त्या जायच्या थोडंच आधीचं. आईंच्या डाव्या गालावर देवीचे खोल वण होते. फोटो म्हटला की त्या मान वळवून चांगला गाल पुढे करायच्या, त्यामुळे घरातल्या एकूण एक फोटोत आई अर्ध्याच आहेत. धाकट्या लेकाच्या कॅमेऱ्यापुढे मात्र सरळ तोंड करून बसल्या आणि मनमोकळं बोलल्या. ते बघायला बाबा, माझे सासरे, खोळंबले होते. "झालं का गं?" रोज चहाच्या वेळी हाच प्रश्न. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

आता, आधी व्हिडिओतली बारीक खरखर, म्हणजे चित्रातले वळवळते ठिपके, घालवायची आणि मग वर फिल्मचे कण टाकायचे, ही आमच्या धंद्यातली रीतच आहे. पण भाऊजींनी शेजारी खुर्ची ओढली आणि "अजून थोडं साफ, अजून थोडं" असं टुमणं लावलं. यंत्राला काय, वण आणि खरखर सारखीच.

"भाऊजी, आईंचा गाल जातोय."

"अहो, किती मऊ दिसतंय बघा! जुन्या काळच्या नायिकेसारखं!"

गेला गाल. मग वर कण आले, धूळ आली, उभे ओरखडे आले, चित्राला हलकासा थरथराट आला. हे सगळं बाजारात तयार मिळतं, दळून आणलेल्या पिठासारखं. कोपऱ्यात वळवळणारा एक केससुद्धा होता, त्यावर तर भाऊजींचा भारी जीव. सख्ख्या आईचे डाग पुसायचे आणि विकतचे डाग शिंपडायचे! मी कपाळावर हात मारून घेतला.

साहेब इतके खूश, की मूळ चित्रण आपल्याकडून पुसून पुढच्या सिनेमाला जागा करूनही मोकळे झाले. ही यांची अक्कल! मी त्यांना चांगली ओळखून आहे, म्हणून माझ्याकडची प्रत मी हलवली नव्हती.

बाबा आले ते इस्त्रीचा सदरा घालून. माझ्या खुर्चीत बसले. भाऊजी मागे हाताची घडी घालून उभे, जणू आता टाळ्या पडणार. सिनेमा सुरू झाला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पाऊस पडतोय का रे तिथे?"

"नाही हो बाबा, ती फिल्मची भाषा आहे."

"अस्सं." बाबा पुढे झुकले. बराच वेळ बघत राहिले. "आवाज तिचाच आहे. पण ही बाई कोण?"

भाऊजी हसले. हसले! माझं डोकंच फिरलं. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही, सरळ मूळ चित्रण लावलं. रंग चढवायच्या आधी असतं तसं फिकट, राखाडी, ना रंग ना झळाळी. आई सरळ बघत होत्या. डाव्या गालावर वण होते, सगळेच्या सगळे.

बाबा उठले. पडद्याजवळ गेले आणि त्या गालावर त्यांनी बोटं टेकवली. "ही बघ," ते मला म्हणाले, "अशी होती." मला हुंदका आवरला नाही.

"वहिनी, बंद करा ते! कच्चं आहे!" भाऊजी ओरडले. "बाबा, अहो हे लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसतंय!"

"दिसू दे." बाबांनी मागे वळूनही बघितलं नाही. "लग्नच केलं होतं मी तिच्याशी. तुझी ती दुसरी बाई तू घेऊन जा."