वाकडं लटकणं मला जमत नाही

मंगळवार, २१ ऑगस्ट १९६२. सकाळचे साडेदहा. वलगावपुढच्या एका गावची नवी शाळा, पूर्वेकडची खोली. बत्तीस मुली गणिताच्या तासाला बसलेल्या. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीला शिडी लावून देवमन गवंडी चढला आणि त्यानं मला दोरीनं खाली सोडलं.

मी ओळंबा. पितळेचा, मुठीत मावेल एवढा. भिंत सरळ असेल तर खाली तिला जेमतेम शिवतो. त्या दिवशी मी तिच्यापासून चार बोटं लांब लटकलो. भिंत वरून आत, मुलींच्या अंगावर झुकली होती.

पुढं सरकारी कागदावर मलाच खोटं ठरवलं गेलं. तेव्हा माझी हकीकत मीच सांगतो.

१९५१ साली परतवाड्याच्या एका ओताऱ्यानं मला ओतलं, ते देवमनच्या बायकोच्या, मनकर्णेच्या, फुटक्या लोट्यातून. मला हातात घेऊन ती म्हणाली, "आता पानी काय या ओयंब्यानं प्याचं?"

"पानी नाई," देवमन हसला, "पन तुह्या सासऱ्यापेक्षा खरं बोलते हा."

मालक बघत असला की दोरीला हळूच बोट लावून ओळंबा भिंतीला टेकवणारे गवंडी मी पुष्कळ पाहिले. देवमननं अकरा वर्षांत दोरीला कधी बोट लावलं नाही. मी लांब राहिलो की तो शिवी हासडायचा, मला नव्हे, स्वतःला. आणि दिवसभराचं काम स्वतःच्या हातानं उतरवायचा. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत त्यानं बांधलेल्या भिंती आजही उभ्या आहेत. जाऊन बघा.

वलगावपुढच्या त्याच गावच्या जुन्या शाळेचा गिलावा करताना आम्ही हेडमास्तर बापूसाहेबांचा तास ऐकला. ते अमरावतीहून रोज सायकलनं यायचे. मुलींना सांगत होते, "प्रत्येक वस्तूचं असं काही असतं, जे तिला सोडता येत नाही. कीर्तनकार त्याला धर्म म्हणतो, तत्त्वज्ञ स्वभाव म्हणतो, मी प्रयोगाच्या तासाला गुणधर्म म्हणतो. नावं तीन, पण सवलत एकातही नाही." देवमनची थापी हातातच राहिली. अंगठा उठवणारा माणूस, पण असा विद्यार्थी त्या वर्गात दुसरा नव्हता.

१९६१च्या वैशाखात नव्या शाळेचा पाया खणायला घेतला. आमच्या वऱ्हाडची काळी माती उन्हात अशी आवळते की पहार खणखणते. दोन-सव्वादोन फुटांवर ठेकेदार म्हणाला, "बस. दगड लागला."

"दगड नाई, तहानलेली माती हाय," देवमन म्हणाला. "पानी पेली का फुगते, उन्हायात आटते. मुरूम लागेपर्यंत खाली जा लागते. सा फूट."

"मिस्त्री तू, का इंजिनेर?"

"मी भिताड उभं करतो, साहेब. पाडाले बोलावलं नाई तुमी मले."

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. शाळा सव्वादोन फुटांवर उभी राहिली, हारतुरे झाले, जूनमध्ये वर्ग भरले. पावसानं मातीला पाणी पाजलं. मातीनं आपला स्वभाव सोडला नाही. तिनं का सोडावा?

भिंत भेगाळल्याचं कानावर येताच देवमन न बोलावता आला. शिडीवरून उतरून तास घेणाऱ्या बापूसाहेबांना म्हणाला, "गुरुजी, पोरी भाईर काढा."

"देवमन, तास चालू आहे. इमारत पक्की असल्याचा ओव्हरसियरचा दाखला आहे माझ्याकडे."

"दाखला भिताडाले वाचता येते काय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमीच शिकवलं ना, जे सोडता येत नाई ते धर्म. मंग काया मातीचा धर्म काहून इसरता?"

बापूसाहेबांचा चेहरा पडला. पण हा माणूस मोठा. त्यांनी मला स्वतः हातात घेतलं, शिडी चढले, भिंतीवर तीन ठिकाणी मला सोडलं. तिन्ही वेळा मी चार बोटं लांब. वरिष्ठांना विचारणं नाही, लेखी मागणं नाही. उतरले आणि म्हणाले, "मुलींनो, दप्तरं राहू द्या. उठा."

सव्वा वाजता भिंत आत कोसळली. बत्तीस पाट्यांचा चुरा झाला. मुली लिंबाखाली पाढे म्हणत होत्या.

चौकशी झाली. बापूसाहेबांनी खरं ते लिहून दिलं. महिन्यात त्यांची बदली मेळघाटात. अहवाल म्हणतो, 'ओळंबा सदोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' पुरावा म्हणून मी पाच वर्षं अमरावतीच्या एका सरकारी कपाटात पडून आहे, गळ्यात चिठ्ठी. अहो, मला काढा आणि कुठंही टांगा! मी दोष करीन तरी कसा? पृथ्वी ओढते तिकडं जातो, दुसरं मला येत नाही. देवमन तिकडं सुतळीला धोंडा बांधून भिंती बांधतो आहे आणि त्या सरळ येत आहेत.

त्या पडक्या खोलीचा पाया अजून उघडा आहे. टेप लावला तर सव्वादोन फूट भरतो. ठेकेदाराच्या बिलासाठीच्या सरकारी मोजमाप वहीत सहा फूट लिहिलंय आणि खाली तीन सह्या आहेत. त्या तिघांपैकी खड्ड्यात टेप कोणी सोडला होता, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.